नैराश्यातल्या भावाला काय खाऊ घालू?

एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे. त्यांचा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वी त्याचे कामातले लक्ष उडाले, झोप बिघडली, मित्रांशी बोलणे थांबले. सहा महिन्यांपासून तो बहिणीकडे राहतो. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून चार महिन्यांपूर्वी औषध सुरू केले आणि त्याला साधारण निम्मा गुण आला. बहिणीने आहार आणि मन यांच्या संबंधाविषयी मिळेल ते वाचले. भाऊ मांस-मासे खात नाही. साखर, मैदा आणि दूध त्यांनी घरातून बंद केले, आठवड्याचा तक्ता स्वयंपाकघरात लावला आणि ‘मन प्रसन्न ठेवणाऱ्या’ वनस्पतिजन्य गोळ्यांची बाटली आणून ठेवली. सुरुवातीला भाऊ निमूटपणे खात असे. आता तो ताट खोलीत नेतो, दार लावून घेतो आणि निम्मे अन्न परत येते. मागच्या आठवड्यात त्याने विचारले, “खाण्यानेच बरे होणार असेल, तर गोळ्या बंद करू का?” बहिणीचे प्रश्न चार आहेत: नेमके कोणते पदार्थ द्यावेत, गुण यायला किती दिवस लागतात, गोळ्या कमी करता येतील का, आणि इतके करूनही फरक पडत नाही, म्हणजे माझे कुठे चुकते?

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलते, कारण तिसरा प्रश्न थांबून राहण्यासारखा नाही. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळ्या बंद करू नका आणि कमीही करू नका, हे भावाला आजच सांगा. नैराश्यावरची बरीचशी औषधे एकाएकी थांबवली, तर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास सुरू होऊ शकतात, आणि आजार पुन्हा उलटण्याचा धोका असतो तो वेगळाच. ज्यांना औषध सोडायचे असते, त्यांनाही ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावे लागते. तुमचा भाऊ तर अजून निम्माच बरा आहे. चार महिन्यांनंतर निम्माच गुण असणे, हीच मुळात डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. डोस बदलणे, दुसरे औषध देऊन पाहणे, औषधाच्या जोडीला मानसोपचाराची नियमित सत्रे सुरू करणे, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. अपुऱ्या गुणाची उरलेली भरपाई स्वयंपाकघराने करावी, ही अपेक्षा तुम्ही कळत-नकळत स्वतःवर लादून घेतली आहे, असे मला पत्र वाचताना सारखे जाणवत होते.

त्या बाटलीविषयीही लगेच सांगते. तिच्यावरच्या घटकांत सेंट जॉन्स वर्ट, फाइव्ह-एचटीपी किंवा ट्रिप्टोफॅन यांपैकी काही लिहिले असेल, तर ती उघडू नका. हे घटक मेंदूतल्या सेरोटोनिन या, मनःस्थितीशी संबंधित रसायनाच्या व्यवस्थेवर परिणाम करतात. नैराश्यावरची अनेक औषधेही तेच करतात, आणि दोन्ही एकत्र गेल्यास थरथर, घाम, ताप, छातीत धडधड, स्नायू कडक होणे, गोंधळलेपण अशी गंभीर अवस्था ओढवू शकते. तसे काही दिसले, तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते. सेंट जॉन्स वर्टमुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारी काही औषधे यांचा प्रभावही कमी होतो. वनस्पतीपासून केलेली गोळी निरुपद्रवी असणारच, हा समज मोडायला एवढे पुरे आहे. बाटली पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. काही औषधांना अन्नाचेही पथ्य असते. ‘एमएओ इनहिबिटर’ या जुन्या गटातील औषधे घेणाऱ्यांना मुरवलेले चीज आणि काही आंबवलेले पदार्थ टाळावे लागतात, कारण त्यांतल्या टायरामिन या घटकामुळे रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. लिथियम हे मनाच्या तीव्र चढउतारांवरचे औषध घेणाऱ्याने आहारातले मीठ एकदम कमी केले किंवा पाणी कमी प्यायले, तर रक्तातील लिथियमची पातळी वाढू शकते. भावाच्या औषधाला असे काही पथ्य आहे का, हे विचारून घ्या.

आता आहाराकडे वळू. तुम्ही ज्याच्या मागे लागला आहात ते खुळ आहे, असे मी म्हणणार नाही. या विषयावर गंभीर संशोधन झाले आहे आणि त्यातली एक चाचणी तुम्हाला सविस्तर सांगावीशी वाटते, कारण बहुधा तिच्याच सावलीत तुमचा तक्ता तयार झाला असावा. ऑस्ट्रेलियातील फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘स्माइल्स’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेली आणि आहाराची प्रत मुळातच खराब असलेली ६७ माणसे त्यांनी दोन गटांत विभागली. एका गटाला १२ आठवड्यांत आहारतज्ज्ञाबरोबर ७ बैठका मिळाल्या. दुसऱ्या गटाला तितक्याच वेळा एखाद्या माणसाचा सोबतीचा, गप्पागोष्टींचा वेळ मिळाला. शेवटी आहाराच्या गटातील सुमारे ३२ टक्के लोकांची लक्षणे जवळपास नाहीशी झाली होती. सोबतीच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते.

हे आकडे आशादायक आहेत आणि मी ते मनापासून तसे मानते. पण ही चाचणी लहान होती, आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागींना ठाऊक होते, आणि आहाराकडून अपेक्षा असलेल्या माणसाला थोडे अधिक बरे वाटणे स्वाभाविक असते. आहाराच्या गटातही दर तीनांपैकी दोघे १२ आठवड्यांनंतर पूर्ण बरे झालेले नव्हते. तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट आणखी वेगळी आहे. सहभागी झालेल्या बहुतेकांचे औषध किंवा मानसोपचार आधीपासून चालू होते आणि ते चालूच राहिले. म्हणजे ‘गोळ्या की जेवण’ असा सामना त्या चाचणीत नव्हताच. जेवण उपचारांच्या जोडीला आले होते.

शिवाय त्या आहारात पोटभर खायला मुभा होती, वजन उतरवणे हा हेतू नव्हता. फळे, भाज्या, अख्खी धान्ये, कडधान्ये, बिनमिठाचा सुकामेवा, मासे, अंडी, कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ आणि ऑलिव्ह तेल यांवर भर होता. गोड, तळलेले, मैद्याचे, कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ आठवड्यातून ३ वेळांपर्यंत चालत होते. तुम्ही मात्र साखर शून्यावर आणली आणि दूधही काढून टाकले. ज्या संशोधनाचा आधार घ्यायचा, त्याच्यापेक्षा घरचा तक्ताच कितीतरी कडक झाला आहे.

दूध बंद करण्याविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतूनच मिळते. मांस-मासे न खाणाऱ्या माणसाकडे त्यासाठी मुख्यतः दूध, दही आणि अंडी हेच स्रोत उरतात. ब-१२ कमी पडले की थकवा, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या आणि उदासीनता येऊ शकते. म्हणजे नैराश्य घालवण्यासाठी उचललेले पाऊल नैराश्यासारखीच लक्षणे वाढवणारे ठरू शकते. भावाला दूध पचत नाही असे निदान झाले नसेल, तर ते आज पुन्हा सुरू करा. पुढच्या भेटीत ब-१२, फोलेट (ब गटातलेच एक जीवनसत्त्व, गोळ्यांत ते फोलिक ॲसिडच्या रूपात असते), ड जीवनसत्त्व, लोह आणि थायरॉइड यांच्या रक्ततपासण्या झाल्या आहेत का, हेही विचारा. थायरॉइडचे काम मंदावले किंवा रक्तातले लोह घटले, तरी माणूस असाच थकलेला आणि विझलेला दिसतो. कमतरता सापडली, तर ती भरून काढल्याचा फायदा खरा असतो. मात्र फोलिक ॲसिडच्या गोळ्या ब-१२ तपासल्याशिवाय मनाने देऊ नका. त्यांनी रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि ब-१२च्या अभावाने मज्जातंतूंना होणारी इजा मात्र मागे चालूच राहू शकते.

कमतरता नसताना पूरक गोळ्यांचा मारा करून काय साधते, याचेही उत्तर मोठ्या चाचण्यांतून मिळाले आहे आणि ते निराश करणारे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत पन्नाशीच्या पुढच्या १८,००० हून अधिक लोकांपैकी निम्म्यांना सुमारे ५ वर्षे रोज ड जीवनसत्त्व दिले गेले, तरी नैराश्य टाळण्यात त्याचा उपयोग दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षी युरोपातील ४ देशांत १,०२५ लोकांवर झालेल्या ‘मूडफूड’ चाचणीत अनेक पोषकद्रव्यांची एकत्रित गोळी वर्षभर देऊनही तेच आढळले. या दोन्ही चाचण्या नैराश्य येऊ नये म्हणून होत्या, आलेले बरे करण्यासाठी नव्हत्या, हे खरे. तरीही बाटलीतल्या पोषणावर पैसे घालण्याआधी विचार करायला त्या भाग पाडतात.

असाच एक समज ‘आनंदाच्या पदार्थां’चा आहे. केळ्यात सेरोटोनिन असते, म्हणून केळे खाल्ले की मन प्रसन्न होते, असे तुम्ही वाचले असेल. केळ्यात सेरोटोनिन असते हे बरोबर आहे. पण खाल्लेले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मेंदू स्वतःला लागणारे सेरोटोनिन स्वतःच तयार करतो. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, हे विधानही याच गैरसमजाला खतपाणी घालते, कारण आतड्यातले सेरोटोनिनही थेट मेंदूत पोहोचत नाही. केळे चांगलेच आहे, जरूर द्यावे, ते सोलायला कष्ट पडत नाहीत हा नैराश्यात फार मोठा गुण आहे. मात्र एकेका पदार्थाला औषधाचे काम देऊ नये. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे नेमके कोणते पदार्थ द्यावेत याचे, उत्तर त्यामुळे तुम्हाला अपेक्षित होते तसे नाही. असा एकही पदार्थ नाही. संशोधनात जे काही हाती लागते, ते एकंदर खाण्याच्या वळणाविषयी आहे.

आता मला तुमच्या एका गृहीतकाला हात घालायचा आहे. ‘त्याचे बाहेरचे खाणे वाढले आणि त्यातूनच हे सगळे झाले,’ असे तुम्ही लिहिले आहे. खराब आहार घेणाऱ्यांत नैराश्य अधिक आढळते, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण नैराश्य आले की भूक मरते किंवा अनावर होते, स्वयंपाक करणे डोंगराएवढे वाटते आणि हाताशी येईल ते तयार, गोड, खारट खाऊन माणूस दिवस काढतो, हेही तितकेच खरे आहे. बाहेरचे खाणे हे कारण होते की पहिले लक्षण, हे आता मागे वळून ठरवता येणार नाही. ठरवण्याचा प्रयत्न केला, तर भावाच्या वाट्याला फक्त दोष येतो, आणि ‘हे माझ्याच चुकीने झाले’ हा विचार नैराश्याने त्याच्या मनात आधीच पक्का केलेला असतो. आपण प्रेमाने म्हटलेले ‘तू नीट खाल्ले असतेस तर’ हे वाक्य त्याला निकालपत्रासारखे ऐकू येते. औषधांचाही भूक आणि वजनाशी संबंध असतो. काहींमुळे सुरुवातीचे आठवडे मळमळते, मिर्टाझापिनसारख्या औषधाने भूक आणि वजन वाढते. त्याची भूक बदललेली दिसली, तर त्याच्या निश्चयाविषयी शंका घेण्याआधी औषधाविषयी डॉक्टरांना विचारा.

मग करायचे काय? मी तुमच्या जागी असते, तर तक्ता भिंतीवरून काढला असता. निम्मे अन्न परत येत असेल, तर ताटात काय आहे हा प्रश्न पुढचा, आधी जेवण पोटात जायला हवे. पहिले दोन आठवडे फक्त वेळ सांभाळा. उठल्यावर तासा-दीड तासाच्या आत काहीतरी, दुपारी काहीतरी आणि रात्री झोपण्याच्या दोन-तीन तास आधी काहीतरी, एवढेच. प्रमाण कमी असले तरी चालेल. नैराश्यात दिवसाची घडी मोडलेली असते, आणि ठरलेल्या वेळचे जेवण ती घडी बसवायला मदत करते. झोप, औषधाची वेळ, अंघोळ, थोडे चालणे यांना त्या खुंटीवर अडकवता येते.

नंतर भर घालायला सुरुवात करा, वजाबाकी नको. त्याला आवडणाऱ्या पदार्थातच एक भाजी किंवा मूठभर कडधान्य जास्त, दुपारच्या खाण्यात एक फळ, बिस्किटांच्या डब्याशेजारी बदाम-अक्रोडांचा डबा. बिस्किटे काढायची नाहीत. एका वेळी एकच बदल करा आणि तो दोन आठवडे टिकला की मगच दुसरा आणा. घरात नेहमी असे काहीतरी ठेवा, जे खायला शिजवणे, चिरणे, भांडी घासणे यांपैकी काहीच लागत नाही: दही, फळे, उकडलेली अंडी, भाजलेले चणे. ज्या दिवशी त्याला अंथरुणातून उठवत नाही, त्या दिवशी हेच जेवण, आणि त्या दिवशी ते पुरेसे आहे. जे एकटे राहतात आणि स्वतःच नैराश्याशी झगडत आहेत, त्या वाचकांनाही मी हेच सांगेन. बऱ्या दिवशी दोन दिवसांचे शिजवून ठेवा आणि वाईट दिवशी स्वतःकडून फक्त डबा उघडण्याची अपेक्षा ठेवा.

पेयांकडेही लक्ष द्या, पण ओरडून नव्हे. शरीरात गेलेले कॅफिन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या कॉफीचा बराच अंश रात्री झोपेच्या वेळी अंगात असतो. झोप बिघडलेली असताना कॉफी दुपारच्या आत आटोपणे हा सोपा बदल आहे. मद्याने क्षणभर हलके वाटते, पण नंतर मन अधिक खाली जाते, झोप तुटते आणि अनेक औषधांशी त्याचे जमत नाही. भाऊ मद्य घेत असेल, तर किती घेतो हे डॉक्टरांना मोकळेपणाने कळायला हवे.

तुमचा दुसरा प्रश्न कालावधीचा होता. चाचण्या साधारण १२ आठवड्यांच्या असतात, म्हणून आहारातल्या बदलाला तीन महिने द्यावेत, एवढे म्हणता येते. त्या काळात, त्याची संमती असेल तर, एका वहीत झोपेचे तास, किती वेळा जेवला आणि दिवस कसा गेला याला दहापैकी गुण, एवढेच लिहून ठेवा. गुण त्याने स्वतः द्यावेत. ही वही डॉक्टरांच्या कामाची असते. दर सकाळी त्याच्या चेहऱ्यावर फरक शोधत बसू नका, तुमच्या त्या नजरेचेही त्याला ओझे होते.

काही गोष्टींसाठी मात्र तीन महिने थांबायचे नाही. वजन झपाट्याने उतरू लागले, खाणे-पिणे जवळपास बंद झाले, खाऊन झाल्यावर तो मुद्दाम उलटी करतो असे दिसले, किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी भाषा त्याच्या तोंडी आली, तर लगेच डॉक्टरांना कळवा. मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटे सोडू नका, घरातली औषधे स्वतःच्या ताब्यात ठेवा आणि तातडीची वैद्यकीय मदत मिळवा.

तुमचे कुठे चुकते, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पत्राच्या अखेरीस तुम्ही जाता जाता लिहिले आहे की, हल्ली तुमचे स्वतःचे जेवण ओट्याशी उभ्या उभ्या होते. त्या एका ओळीशी मी बराच वेळ थांबले. सहा महिने तुम्ही एका आजारी माणसाला घर दिले आहे, आणि त्याच्या आजाराचे चढउतार स्वतःच्या कामाचे गुणपत्रक म्हणून वाचत आला आहात. तो निम्मा बरा आहे, यात तुमच्या स्वयंपाकाचा दोष नाही. आठवड्यातले काही दिवस जेवणाची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे सोपवता येईल का, ते पाहा. मित्र, नातेवाईक, कधी विकतचे जेवणही चालेल. परवडत असेल, तर एक-दोनदा आहारतज्ज्ञांकडे दोघांनी जा, म्हणजे काय खायचे हे सांगणारा आवाज तुमचा उरणार नाही आणि तुम्हाला पुन्हा फक्त बहीण होता येईल.

त्या बंद दाराचे काय करायचे, तेही सांगते. एखाद्या बऱ्या वेळी त्याला म्हणा: “मी तुझ्या खाण्याच्या फार मागे लागले. तक्ता काढून टाकला आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, एवढे मात्र ऐक. उद्या रात्री तुला काय खावेसे वाटते?” तो जे सांगेल ते करा, मग ते गोड असो किंवा मैद्याचे. दोन ताटे वाढा, स्वतः बसून जेवा, आणि अन्न, आजार, औषध सोडून कशावरही बोला किंवा गप्प राहा. पहिल्या रात्री तो बाहेर आला नाही, तर त्याचे ताट दाराशी ठेवा, किती उरले हे तपासू नका, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा हाक मारा.